खिडकीच्या आतली बाजू

प्रश्न : ताई, नमस्कार. मी वाई तालुक्यातली. गेल्या वर्षी बी.कॉम. झाले. जुलैपासून चाकणच्या एका मोठ्या कारखान्यात एचआरमध्ये अप्रेंटिस म्हणून लागले आहे. वर्षाचा करार, महिन्याला तेरा हजार स्टायपेंड. निवड झाली तेव्हा आईने गल्लीत पेढे वाटले. आता तीन महिने झाले आणि मी करते काय, तर फायली लावते, झेरॉक्स काढते आणि टाइम ऑफिसच्या, म्हणजे हजेरी बघणाऱ्या ऑफिसच्या, खिडकीत बसून गेटपास घेते. मुलाखती असल्या की पाण्याच्या बाटल्या ठेवायला मला पाठवतात. बाकीच्या अप्रेंटिसांच्या टेबलावर डबा घेऊन बसले की गप्पा बंद होतात, 'आली एचआरवाली' म्हणतात. बाबा दर रविवारी फोनवर विचारतात, "पर्मनंट कधी करणार?" माझं वर्ष फुकट जातंय का? सोडून एमबीएच्या तयारीला लागू का?

उत्तर : सोडू नकोस, हे आधीच सांगते. का ते आता सविस्तर सांगते.

माझंही वर्ष गेटपासपासूनच सुरू झालं. ऑगस्ट २०१७. पिंपरी-चिंचवड भागातला कारखाना, पर्मनंट आणि कॉन्ट्रॅक्ट धरून अडीच हजारांच्या आसपास माणसं, आणि बारामतीहून आलेली एकवीस वर्षांची मी. पहिल्या दिवशी मला रेकॉर्ड रूममध्ये नेऊन सोडलं. चौदा लोखंडी कपाटं, टोकन नंबरप्रमाणे लावलेल्या पर्सनल फायली, आणि कोपऱ्यात तीन खोकी भरून लावायचे राहिलेले कागद. टाइम ऑफिसला निवृत्तीला आलेले एक सीनिअर क्लार्क होते, त्यांना सगळा कारखाना काका म्हणायचा. ते म्हणाले, "कागद लावायच्या आधी फाइल उघडून वाच. मग लाव."

म्हणून मी वाचायला लागले. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर 'ज्ञानदेव', आधारवर 'ज्ञानेश्वर', पीएफला नुसतं आद्याक्षर. बायकांच्या फायलींत माहेरचं नाव एका कागदावर, सासरचं दुसऱ्यावर. हा माणूस एकच आहे हे आपल्याला कळतं, पण पीएफच्या संगणकाला कळत नाही आणि तो क्लेम परत पाठवतो. मुलीच्या लग्नासाठी पैसे काढायला गेलेल्या माणसाला ऐन वेळी हे समजतं. दिवाळीपर्यंत माझ्या वहीत अशी एकशे चाळीस नावं झाली होती. ती मला कुणी काढायला सांगितली नव्हती. वही साहेबांना दाखवली तेव्हा त्यांनी ती पूर्ण चाळली आणि दुसऱ्या दिवसापासून मला रोज एक तास त्या दुरुस्त्यांसाठी दिला.

त्याच फायलींत वारसाचे फॉर्म असतात, पीएफचा फॉर्म दोन आणि ग्रॅच्युइटीचा फॉर्म एफ. माणूस कामाला लागतो तेव्हा ते भरतो आणि विसरून जातो. पेंट शॉपमधले एक जण होते, एकोणीस वर्षं नोकरी झालेले. त्यांच्या दोन्ही फॉर्मवर वारस म्हणून आईचं नाव. आई जाऊन सहा वर्षं झाली होती. बायकोचं नाव कुठेच नव्हतं, दोन मुलींचं नव्हतं. मी त्यांना जेवणाच्या सुट्टीत खिडकीवर बोलावलं. हाताला रंगाचा वास, नखांच्या कडा निळ्या. त्यांनी तो जुना फॉर्म हातात घेतला आणि बराच वेळ बघत राहिले. अक्षर त्यांचंच होतं, तेविसाव्या वर्षीचं. "हा भरला त्या दिवशी आईला विचारून भरला होता," म्हणाले. "ती म्हणाली होती, माझं कशाला, तुझी बायको येईल तिचं लिही. मी म्हटलं, येईल तेव्हा बघू." मग नवा फॉर्म भरला, बायकोचं नाव, मुलींची नावं, सह्या. उठताना विचारलं, "हे जुनं पान मला मिळेल का?"

मूळ कागद फायलीतून देता येत नाही. मी झेरॉक्स काढून दिली. त्यांनी तिची घडी घालून ओळखपत्राच्या पाऊचमध्ये, कार्डाच्या मागे सरकवली.

तू लिहिलंस ना, झेरॉक्स काढते. काढ. कशाची काढतेस ते वाच मात्र.

खिडकीचंही तसंच आहे. आमच्या वर्षी एक मोठा बदल नुकताच झाला होता. १ जानेवारी २०१७ पासून ईएसआयची, म्हणजे कामगारांच्या सरकारी आरोग्य विम्याची, पगारमर्यादा पंधरा हजारांवरून एकवीस हजारांवर गेली, त्यामुळे कधीच ईएसआयमध्ये नसलेली कितीतरी माणसं एकदम त्यात आली. पगारातून तेव्हा पावणेदोन टक्के जायचे. सतरा हजारवाल्याचे महिन्याला जवळपास तीनशे. (आता ते पाऊण टक्का झालेत, जुलै २०१९ पासून.) माणसं खिडकीवर यायची आणि भांडायची, "आम्ही कधी आजारी पडतो? पैसे कशाचे कापता?" मी छापील उत्तर द्यायचे. पण मलाच माहीत नव्हतं की तिथे गेल्यावर नेमकं काय होतं. शेवटी एका शनिवारी सुट्टी टाकून मी चिंचवडला मोहननगरच्या ईएसआय रुग्णालयात गेले. केसपेपर कुठे निघतो, कार्डासोबत काय न्यायचं, घरच्यांना दाखवायचं तर त्यांचा फोटो आणि नावं आधी कशी चढलेली लागतात, हे रांगेतल्या बायकांना विचारून वहीत लिहून आणलं. सोमवारपासून माझी उत्तरं बदलली. भांडणं संपली नाहीत, पण फॅमिली फोटो पटापट जमा व्हायला लागले.

आता चुकीचं सांगते, कारण तुझ्याकडूनही एक होणार आहे. आमच्याकडे बोटाच्या ठशाचं पंचिंग होतं. फाउंड्रीतल्या माणसांची बोटं इतकी घासलेली असतात की मशीन ठसा घेत नाही. अशा वेळी सुपरवायझरच्या सहीची चिठ्ठी खिडकीवर द्यायची आणि आम्ही हजेरी हाताने चढवायची. नोव्हेंबरात अशी एक चिठ्ठी माझ्या ट्रेखाली राहून गेली. त्या माणसाचा एक दिवस बिनपगारी लागला आणि एका दिवसापायी महिन्याचा हजेरी भत्ताही गेला. पगाराच्या दुसऱ्या दिवशी तो पगाराची स्लिप घेऊन आला. माझ्या वडिलांच्या वयाचा माणूस. आवाज चढवला नाही. "मॅडम, मी आलो होतो," एवढंच म्हणाला.

तेराशे रुपयांचा फरक होता. पुढच्या पगारात मिळेल, असं अकाउंट्सने सांगितलं. मी साहेबांची परवानगी घेऊन फाउंड्रीत गेले आणि त्याच्या जागेवर जाऊन सांगितलं की चिठ्ठी माझ्याकडे राहिली, तुमची चूक नव्हती, पुढच्या महिन्यात जमा होतील. तो म्हणाला, "या महिन्यात पोराची फी होती." मला काही बोलता आलं नाही. त्या संध्याकाळी मी एक साधं दोनशे पानी रजिस्टर आखलं. चिठ्ठी आली की तारीख, टोकन नंबर, देणाऱ्याची सही, घेणाऱ्याची सही, चढवली की लाल टिक. काकांनी ते बघितलं आणि दुसऱ्या शिफ्टलाही लागू केलं. पुढे माझं वर्ष संपेपर्यंत चिठ्ठीवरून कुणाचा दिवस कापला गेला नाही.

कॅन्टीनच्या टेबलाचं मला सगळ्यात जास्त लागलं होतं, त्यामुळे तुझं ते वाक्य मला नीट कळतं. पण ती पोरं चुकीची नाहीत. तू ज्या खोलीत बसतेस तिथे त्यांच्या वर्षाचा निकाल ठरतो. त्यांनी जपून बोलावं हे साहजिक आहे. त्यांचा विश्वास गप्पांनी मिळत नाही. इथलं तिथे आणि तिथलं इथे झालं नाही, हे चार-सहा महिने दिसलं की आपोआप मिळतो.

मला त्याची परीक्षा जूनमध्ये द्यावी लागली. ज्या अप्रेंटिसांचा करार जुलैअखेर संपतोय त्यांची यादी टाइप करायचं काम माझ्याकडे आलं. कुणाला पुढे ट्रेनी म्हणून घ्यायचं याचा वेगळा कॉलम होता आणि बहुतेक घरं रिकामी होती. त्या यादीतली एक मुलगी रोज माझ्याबरोबर कंपनीच्या बसला असायची, आम्ही एकाच स्टॉपवर चढायचो. तिने विचारलं, "आमचं काय ठरलंय गं?" 'मला माहीत नाही' हे ओठावर आलं होतं. ते सोपं होतं आणि खोटं होतं. मी म्हटलं, "मला सांगता येत नाही. कळवायचं झालं की साहेब स्वतः बोलावतील. पण तू थांबू नकोस, बाहेर अर्ज टाकत राहा." ती खिडकीबाहेर बघत बसली. तीन आठवड्यांनी सर्टिफिकेटं वाटायची वेळ आली तेव्हा तिचं सर्टिफिकेट मीच तिच्या हातात दिलं. तोवर तिला रांजणगावला काम मिळालं होतं. 'सांगता येत नाही' हे वाक्य आत्तापासून घोटून ठेव. एचआरमध्ये ते रोज लागतं, आणि ते खरं असतं म्हणून माणसं ते सोसतात.

आता तुझ्या हक्काचं बोलते. अप्रेंटिस कायदा १९६१ चा. इंजिनिअरिंग सोडून इतर पदवीधरांना त्यात जागा मिळाली ती २०१४ च्या दुरुस्तीने, म्हणजे तू आणि मी त्याच दारातून आत आलो. तीस किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला अप्रेंटिस घ्यावेच लागतात, एकूण माणसांच्या अडीच ते पंधरा टक्के. तेव्हा तुला कुणी उपकार म्हणून घेतलेलं नाही, मान वर करून काम कर. कराराची प्रत तुझ्याकडे आहे का बघ. तो अप्रेंटिसशिपच्या सरकारी पोर्टलवर नोंदलेला आहे ना, त्यावर तुझा ट्रेड किंवा विषय काय लिहिलाय, स्टायपेंड बँकेतच जमा होतो ना, हे तपास. अप्रेंटिसशिप अॅडव्हायझर या सरकारी अधिकाऱ्याच्या मंजुरीशिवाय अप्रेंटिसला ओव्हरटाइम करायला लावता येत नाही. पगाराच्या आठवड्यात 'जरा आठपर्यंत थांब' हे सहज होतं. एखाद्या दिवशी ठीक, रोजचं झालं तर बोल.

आणि शिकवण्याबद्दलही बोल. खिडकीवर तीन महिने बसणं मला चांगलं वाटतं, चार महिनेही चालतील. अकरा महिने तिथेच ठेवलं तर ते शिक्षण राहत नाही, स्वस्तातला क्लार्क होतो, आणि हे मी एचआरच्या खुर्चीत बसून म्हणते. अधिकाऱ्यांना एक साधं पत्र लिही, तक्रारीचा सूर नको. पुढच्या नऊ महिन्यांत मला कोणकोणती कामं बघायला मिळतील, असं विचार. पगाराचा इनपुट कसा जातो, कॉन्ट्रॅक्टरचं बिल पास करताना त्याचं पीएफचं चलन कसं तपासतात, कॅन्टीन कमिटीची बैठक, नव्या माणसांचं इंडक्शन, एक तरी भरतीची फेरी पहिल्यापासून शेवटपर्यंत. माझ्या साहेबांनी कॉन्ट्रॅक्टरची चलनं मला स्वतः शिकवली. चलनातली माणसं आणि गेटवरची माणसं यांचा मेळ बसत नसेल तर कुणाचातरी पीएफ भरलेला नसतो. आजही मला सगळ्यात जास्त उपयोगी पडणारी गोष्ट तीच आहे.

बाबांना मात्र खरं सांग. करार संपल्यावर नोकरी द्यायलाच हवी असं कायद्यात नाही. अप्रेंटिसांना पुढे घेण्याबद्दल कंपनीने आपलं धोरण ठरवायचं, एवढंच त्यात आहे. हे त्यांना आत्ता कळलेलं बरं, जुलैमध्ये कळण्यापेक्षा.

एमबीए, एमपीएम (पर्सोनेल मॅनेजमेंट), एमएसडब्ल्यू (समाजकार्य) यांतलं काय, हे वर्ष संपल्यावर ठरव. कारखान्याच्या बाजूला राहायचं मनात असेल तर लेबर वेल्फेअरचा अभ्यास असलेला कोर्स घे. जुन्या फॅक्टरी कायद्यात पाचशे कामगारांवर वेल्फेअर ऑफिसर लागायचा, नव्या श्रमसंहितेत (जुने कामगार कायदे एकत्र करून केलेल्या कायद्यात) ती अट अडीचशेवर आली आहे. राज्याने मान्य केलेली पदवी किंवा पदविका असेल तरच ते पद मिळतं, त्यामुळे फी भरण्याआधी ते विचार.

प्रश्न : माझा भाऊ नाशिकला अंबडच्या एका कंपनीत एचआर अप्रेंटिस आहे. त्याचा पीएफ कापत नाहीत आणि ईएसआयही नाही. कंपनी फसवते आहे का?

उत्तर : त्याचा करार अप्रेंटिस कायद्याखाली नोंदलेला असेल तर नाही. त्या कायद्याच्या दृष्टीने तो शिकाऊ आहे, कामगार नाही, म्हणून पीएफ आणि ईएसआय त्याला लागू होत नाहीत. पण कामावर इजा झाली तर भरपाईचा हक्क त्याला आहे, हे घरात सगळ्यांना माहीत असू द्या. फक्त एक गोष्ट आजच बघा. करार खरोखर नोंदलेला आहे का? पोर्टलवरचा कराराचा क्रमांक त्याला विचारा. तोंडी 'अप्रेंटिस' म्हणून ठेवलंय, नोंद कुठेच नाही आणि पूर्ण वेळ काम चाललंय, असं असेल तर तो अप्रेंटिस ठरत नाही आणि मग पीएफचा प्रश्न तुम्ही विचारलाच पाहिजे. आधी कंपनीच्या एचआरला लेखी विचारा. उत्तर आलं नाही तर पदवीधरांसाठी मुंबईला अप्रेंटिसशिप प्रशिक्षण मंडळाचं पश्चिम विभागाचं कार्यालय आहे, तिथे अर्ज करा.

प्रश्न : मॅडम, मी अकरावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलो. आता एका मोठ्या कंपनीत एचआर अप्रेंटिससाठी मुलाखत आहे. तिथे सगळे मेल इंग्रजीत असतात. मला जमेल का?

उत्तर : मेलचं इंग्रजी सहा महिन्यांत येतं. तीच ती पंचवीस-तीस वाक्यं फिरत असतात. जुने मेल वाचत जा, वहीत उतरवून घ्या. मुलाखतीत इंग्रजी अडलं तर सरळ मराठीत उत्तर देऊ का, असं विचारा. कारखान्यात एचआर करणाऱ्या माणसाला त्यात वावगं वाटू नये.

तुमची मराठी मात्र तिथे लागणार आहे, आणि रोज लागणार आहे. फॅक्टरी कायद्यातच लिहिलेलं होतं, कलम १०८, की कारखान्यात लावायच्या सूचना इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेत असल्या पाहिजेत. नोव्हेंबर २०२५ मध्ये चार श्रमसंहिता लागू झाल्या, जुने एकोणतीस कायदे त्यात गेले, आणि सध्या प्रत्येक कंपनीत एचआरला हेच काम पडलंय की पगाराची नवी व्याख्या, ठरावीक मुदतीच्या माणसाला वर्षभरात मिळणारी ग्रॅच्युइटी, हे सगळं कामगारांना कळेल असं सांगायचं. ते इंग्रजीत सांगून भागत नाही.

माझ्या अप्रेंटिसच्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीची सूचना मशीनवर भाषांतर करून बोर्डावर लागली होती. त्यात भरपाई सुट्टीच्या जागी असा काही शब्द आला होता की दोन शिफ्टची माणसं बोर्डासमोर उभी राहून एकमेकांना विचारत होती, रविवारी यायचंय की नाही. काकांनी मला ती सूचना नव्याने लिहायला सांगितली. मी लिहिली : 'शनिवारी सुट्टी. त्याबदली रविवार दि. २९ रोजी सर्व शिफ्ट चालू. बस नेहमीच्या वेळेला.' काकांनी शेवटी एक ओळ घातली, 'कॅन्टीन चालू राहील', आणि म्हणाले, "हे पहिलं विचारतात." बोर्डावर लावून मी खिडकीत येऊन बसले. त्या दिवशी सुट्टीबद्दल विचारायला कुणी आलं नाही.